जुन्या गाड्यांचे सुटे भाग

महोदय,

प्रीमियर पद्मिनीसारखी, उत्पादन बंद होऊन दोन दशके उलटलेली गाडी घरी दुरुस्त करणाऱ्याला पुण्याच्या नाना पेठेतील दुकाने आणि जुना बाजार पालथा घालूनही अनेक भाग मिळत नाहीत. कॉर्कचे गॅस्केट (सांध्यातील गळती रोखणारा तुकडा) हाताने कापून बसवता येते, उन्हाळ्यात गाडीतील इंधन-पंपात वाफ धरली की ओल्या फडक्याने तो थंड करून वेळ निभावते. परंतु ब्रेक सिलिंडरमधील रबरे नेमक्या मापाचीच हवीत, तेथे जुगाड जिवावर बेतते. २०२१च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांवरील गाड्यांना ‘व्हीए’ हा व्हिंटेज नोंदणी क्रमांक देताना मूळ स्वरूपाची अट आहे. मग असे भाग यायचे कुठून? पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योजकांनी ते थोड्या संख्येने तरी बनवावेत.

एक वाचक, कोथरूड, पुणे