आमच्या इतिहासाच्या बाईंना, जाहीर आभार

प्रिय बाई,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते उघडं लिहिते आहे त्यालाही कारण आहे. मुलांना घरीच शिकवणारे विश्वासू आईबाप मला हल्ली एकच गोष्ट विचारतात: इतिहास ख्रिस्ती दृष्टीने शिकवता म्हणजे नक्की काय करता? मी जे सांगते ते सगळं तुमचंच असतं. निदान ते कुणाचं आहे हे तरी लोकांना कळू दे.

गणित आणि भाषा आम्ही नवराबायको निभावून नेत होतो. इतिहासाला मात्र हात घालवत नव्हता. हाताशी दोन तऱ्हेची पुस्तकं होती. एकात बायबलमधल्या लोकांचा पत्ताच नव्हता, जणू ते कधी कुठे राहिलेच नाहीत. दुसऱ्यात पानोपानी देवाचं नाव होतं, पण माणसं सगळी एकाच साच्यातली: ख्रिस्ती तेवढे शूर आणि सज्जन, बाकीचे अंधारात. तुम्ही दोन्ही चाळलीत, बाजूला ठेवलीत आणि मुलांना निर्गमाचा विसावा अध्याय काढायला सांगितलात. ‘आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको.’ इतिहासाच्या अभ्यासाचा पहिला नियम हाच, म्हणालात. मेलेली माणसंही शेजारीच. उलट त्यांच्याबाबतीत जास्त जपायचं, कारण ‘मी असं म्हटलं नव्हतं’ हे सांगायला ती येऊ शकत नाहीत.

धाकट्याने लगेच विचारलं, “इस्राएलांना गुलाम करणारा मिसरचा राजा फारोपण?”

“फारोपण. त्याने जे केलं तेवढंच त्याच्या नावावर लिहायचं.”

सन्हेरीबाचा धडा आमच्या घरात अजून गाजतो. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा हा राजा यहूदावर चालून आला. बायबलमधले २ राजे १८ आणि १९ हे त्याबद्दलचे अध्याय आम्ही कितीदा तरी वाचले होते. तुम्ही त्यांच्या शेजारी सन्हेरीबाचा स्वतःचा वृत्तान्त ठेवलात. निनवेत मिळालेल्या सहा बाजूंच्या मातीच्या प्रिझमवर तो कोरलेला आहे: यहूदाची ४६ तटबंदीची शहरं घेतली, यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. मुलांना तुम्ही तीन रकाने आखायला लावलेत. दोघे काय सांगतात, एकच जण काय सांगतो, आणि कोण कशाबद्दल गप्प आहे. खंडणीतलं ३० किक्कार (हे त्या काळचं वजनाचं माप) सोनं दोन्हीकडे सापडलं. चांदी बायबलमध्ये ३०० किक्कार, सन्हेरीबाकडे ८००. लाखीशचा पाडाव त्याने राजवाड्याच्या भिंतींवर हौसेने कोरून घेतला, पण यरुशलेम घेतल्याचा दावा तो कुठेच करत नाही.

तिसऱ्या रकान्याने खरी गंमत केली. देवळाच्या दारांवरचं सोनं हिज्कीयाने स्वतः काढून शत्रूला दिलं, हे बायबल सांगून टाकतं. थोरली म्हणाली, “आपल्याच राजाची नाचक्की आपल्याच पुस्तकात कशी लिहिली?” तिथून तुम्ही तिला दावीद राजाकडे नेलंत, त्याने घडवून आणलेल्या उरीयाच्या खुनाकडे, त्याबद्दल त्याला तोंडावर सुनावणाऱ्या नाथान संदेष्ट्याकडे. अश्शूरच्या राजांचे शिलालेख राजाची हार लिहीत नाहीत, आणि या ग्रंथात मात्र सर्वांत लाडक्या राजाचा गुन्हा नावानिशी लिहिलेला आहे. मग हा ग्रंथ वाचणाऱ्यांनी कुणाचं पाप झाकायचं, हा प्रश्न तिचा तिनेच काढला.

पारसाचा राजा कोरेश याच्या बाबतीत तुमची शिस्त आणखी कडक. त्याने यहुद्यांना यरुशलेमेत परत जाऊन मंदिर बांधायची परवानगी दिली, असं बायबलमधलं एज्राचं पुस्तक सुरुवातीलाच सांगतं. बाबेलात १८७९ मध्ये मिळालेला त्याचा मातीचा लेख एज्राच्या पहिल्या अध्यायाचा पुरावा म्हणून सर्रास दाखवला जातो. तुम्ही भाषांतर मुलांपुढे ठेवलंत आणि त्यात यहूदी शोधायला सांगितलंत. दोघांनी पुन्हा पुन्हा वाचलं, सापडले नाहीत. त्यात मार्दूक देवाची स्तुती आहे, मूर्ती आपापल्या जागी परत पाठवल्याचं आणि लोकांना त्यांच्या वस्त्यांवर धाडल्याचं वर्णन आहे. यरुशलेमेचं नाव नाही. एज्रा जे सांगतो ते या राजाच्या एकंदर धोरणाशी जुळतं, इथपर्यंत म्हणता येतं. त्यापुढे एक पाऊलही टाकायचं नाही. विश्वासाच्या बाजूने केलेली अतिशयोक्तीसुद्धा खोटी साक्षच, असं तुम्ही बजावलंत, आणि मला वाटतं ते मुलांपेक्षा आम्हा मोठ्यांना जास्त लागू आहे.

भिंतीवरच्या लांब काळपट्टीबद्दल फार लिहीत नाही. ती आता अनेक घरांत असते. पण बायबलसाठी वेगळी पट्टी करायची नाही, हम्मुराबी, बुद्ध, यिर्मया, सगळे एकाच कागदावर बसवायचे, हा तुमचा आग्रह मोलाचा ठरला. नाहीतर बायबल दुसऱ्याच कुठल्या ग्रहावर घडलं अशी मुलांची समजूत होऊन बसते. (येशू जन्मला तेव्हा हेरोद राज्य करत होता असं बायबल सांगतं, आणि तो इसवी सनापूर्वी ४ मध्येच वारला, म्हणजे येशूचा जन्म ‘ख्रिस्तपूर्व’ काळातला, हे समजलं त्या दिवशी घरात फक्त हशा होता.)

सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासासाठी. रोमन सम्राट नीरोच्या काळचा छळ, ३०३ मध्ये सुरू झालेला सम्राट डायोक्लीशनचा छळ, रंगमैदानातले हुतात्मे, हे शिकवणं जड जात नाही. आपली माणसं मार खात असतात. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, त्यानंतर सत्ता हळूहळू आपल्या बाजूला येते आणि मग मार देणारे हातही आपले होतात. पुष्कळ घरांत धडा इथेच थांबतो आणि उडी मारून थेट १५१७ वर, धर्मसुधारक लूथरवर जातो. तुम्ही उडी मारू दिली नाहीत.

अलेक्झांड्रियात ४१५ मध्ये हिपेशिया या विदुषीला ख्रिस्ती जमावाने हालहाल करून मारलं. हे तुम्ही सांगितलंत ते सॉक्रेटिस नावाच्या ख्रिस्ती इतिहासकाराच्या आधाराने. (तत्त्वज्ञ तो वेगळा, हा पाचव्या शतकातला.) या कृत्याने अलेक्झांड्रियाच्या मंडळीला बट्टा लागला असं त्यानेच लिहून ठेवलंय. आपल्या लोकांचा अपराध लिहिणारा माणूस आपल्यातलाच होता, हे थोरलीला त्या घटनेइतकंच महत्त्वाचं वाटलं.

पहिल्या क्रुसेडचा, म्हणजे यरुशलेम जिंकायला निघालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाचा, धडा देताना तुमची एक बारीक युक्ती माझ्या लक्षात आली. १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या शहरांत क्रुसेडच्या जमावांनी यहुद्यांची कत्तल केली. स्पायरच्या बिशपने आपल्या शहरातल्या बहुतेक यहुद्यांना वाचवलं. माइन्झमध्ये शेकडो मेले. मी टिपणं काढताना बिशपचं नाव वर लिहिलं होतं. तुम्ही क्रम बदललात. आधी मेलेले, मग वाचवणारा. वाचवणारा आधी आला की मुलं तेवढंच धरून ठेवतात, आपलं घराणं बरं होतं म्हणतात आणि पान उलटतात. बिशपला त्याचं श्रेय मिळालंच पाहिजे, पण मेलेल्यांच्या पाठीवर उभं राहून नाही. असा क्रम लावायचं कुठल्याही मार्गदर्शिकेत मला सापडलं नव्हतं.

धाकट्याला हे सगळं तेव्हा सांगितलं नाही. त्याला ‘वाईट गोष्टी घडल्या, आपल्या लोकांनीही केल्या, मोठा झालास की वाचू’ एवढंच. खोटं नाही आणि झेपणार नाही इतकं खरंही नाही. हा तोल तुम्हीच साधून दिलात.

गुलामीच्या व्यापाराचा धडाही असाच. पुढे पाळक झालेल्या जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाची गोष्ट सहसा अशी सांगतात: समुद्रात वादळ आलं, त्याने देवाला हाक मारली आणि गुलामांचं जहाज सोडलं. तुम्ही फक्त वर्षं मांडायला लावलीत. वादळ १७४८ चं. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत त्या सफरी करत राहिला. व्यापाराविरुद्धचं त्याचं पत्रक निघालं १७८८ मध्ये. मुलं आकड्यांकडे बघत बसली. पश्चात्तापाला इतकी वर्षं लागू शकतात हे मला कुठल्याच प्रवचनात इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. शिवाय १८०७ साल. ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली त्याच वर्षी लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली, आणि इस्राएल लोक मिसरातून सुटून निघाले तो भाग तिच्यातून गाळलेला होता. त्या बंदीसाठी संसदेत झगडणारा ख्रिस्ती खासदार विल्बरफोर्स आणि ही आवृत्ती, दोन्ही एकाच पानावर लिहा, म्हणालात. काळपट्टीवर ती आहेत तशी.

नियम दोन्हीकडून लागू होतो हेही तुम्ही विसरू दिलं नाहीत. मध्ययुगातले ख्रिस्ती लोक पृथ्वी सपाट मानत, असं मुलांच्या एका विज्ञानाच्या पुस्तकात होतं. आठव्या शतकातला बीड हा मठवासी पृथ्वी गोल असल्याचं लिहितो, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस ते गृहीतच धरतो, आणि कोलंबसाशी विद्वानांचा वाद पृथ्वीच्या आकाराचा नव्हताच, अंतराचा होता. त्या वादात विद्वानांचंच बरोबर होतं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष तीही, फक्त शेजारी आपल्यातले.

‘हे देवाने का घडवलं?’ या प्रश्नाची मला सर्वांत जास्त धास्ती होती, कारण प्रत्येक घटनेचं उत्तर ख्रिस्ती पालकाकडे तयार असावं अशी अपेक्षा असते. तुम्ही लूकचा तेरावा अध्याय उघडलात. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? येशू नाही म्हणतो. देवाचा हेतू जिथे शास्त्रच सांगतं तिथे सांगायचा. एरवी काय झालं, कुणी केलं, कुणी सोसलं, इथे थांबायचं. एस्तेराच्या पुस्तकात तर देवाचं नाव एकदाही येत नाही, आणि तरी ते पुस्तक शास्त्रात आहे. या एका सल्ल्याने आमच्या डोक्यावरचं केवढं तरी ओझं उतरलं.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमचं ऐकलेलं नाही. मिशनऱ्यांची चरित्रं मुलं मोठी होईपर्यंत कपाटात ठेवा, म्हणता. मी नाही ठेवत. मुलांना शूर माणसं लागतात आणि ती लहानपणीच लागतात. पण तुमची अट मी पाळते: चरित्र संपलं की ‘या गोष्टीत कुणाला जागा मिळाली नाही?’ हे विचारायचं. बंगालात काम केलेल्या विल्यम केरी या मिशनऱ्याचं चरित्र वाचलं तेव्हा थोरली त्याची बायको डॉरथी शोधू लागली, जिचं मन लेकराच्या मृत्यूनंतर कायमचं ढासळलं. मग केरीला मराठीच्या कामात मदत करणारे वैजनाथ पंडितही तिने शोधून काढले. केरीवरचं तिचं प्रेम काही कमी झालं नाही. तेव्हा या वादात अर्धे गुण मला द्या.

सध्या आम्ही १९३४ मध्ये आहोत. नाझी राजवटीपुढे झुकलेल्या मंडळीविरुद्ध जर्मनीतल्या काही ख्रिस्ती लोकांनी काढलेला बार्मेनचा जाहीरनामा थोरलीने वाचला. ख्रिस्ताखेरीज दुसरा कुणी प्रभू नाही, हे त्यातलं ठाम म्हणणं तिला फार आवडलं. मग तिने रकाने आखले आणि तिसऱ्यात लिहिलं: यहुद्यांबद्दल एक शब्द नाही. त्यावर तिने दोन पानी निबंध लिहिलाय, तो या पत्रासोबत पाठवते आहे. नाझींना विरोध करणारा जर्मन पाळक बॉनहोफर याच्यावर तिने जरा जास्तच शाई खर्च केली आहे असं माझं मत, पण ते तिला पटत नाही. तुम्ही बघा. लाल पेन्सिल चालेल. फक्त शेवटी शेरा न लिहिता प्रश्न लिहा, अशी तिची मागणी आहे.

तुमची,
दोन विद्यार्थ्यांची आई