महसूलमंत्री साहेब, आमचा माळ एप्रिलमध्ये बघून पडीक लिहू नका

मा. महसूलमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या गावच्या गायरानावर सोलर कंपनीचं तारेचं कुंपण पडलंय, त्यासाठी लिहितोय. आधीच सांगतो, मी सोलरच्या विरोधात नाही. माझ्या बापानं अर्धं आयुष्य रात्रीच्या लाईटला पाणी देण्यात घालवलं, हातात बॅटरी, पाटात कधी इंगळी तर कधी साप. शेतीला दिवसा लाईट मिळणार म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त आनंद झाला होता. सौर कृषी वाहिनी योजना चांगलीच आहे, पण ती कुणाच्या जमिनीवर उभी राहतीय ते बघा ना साहेब.

5 मेगावॉटच्या सोलर प्रकल्पाला साधारण 20-25 एकर जागा लागते. शेतकऱ्याची जमीन घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, आणि सरकारी जमीन, ज्यात आमचं गायरान येतं, ती नाममात्र 1 रुपयानं. मग कंपनी आधी काय मागणार हे वेगळं सांगायला नको.

कागदावर आमच्या माळाला 'पडीक' लिहिलंय. सर्व्हेवाले आले होते एप्रिलमध्ये, ड्रोन उडवला, खाली सगळं वाळलेलं, एक जनावर नाही. एप्रिलमध्ये कसं असणार? माझा तात्या (चुलत चुलता, दीडशे मेंढरं आहेत त्याची) दिवाळी झाली की कळप घेऊन नदीकाठाला जातो, ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवतो, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि ह्याला धान्य, पैसे. पण मृगाचा पाऊस पडला की सगळीकडं पेरण्या होतात, तूर, उडीद, सोयाबीन. मग मेंढरं उभी करायला पाय ठेवण्यापुरती सुद्धा जागा राहत नाही, फक्त गायरान. आषाढापासून दसऱ्यापर्यंत ते चार महिने ह्या माळावरच निघतात, कुसळी, पवन्या, मारवेल गुडघ्याएवढी वाढलेली असते. हे गवत ज्यानं बघितलं नाही त्यानं पडीक लिहिलं.

गेल्या श्रावणात मी तात्याबरोबर गेलो होतो. तळ्याकडं जायची वाट कुंपणाच्या आत गेलीय, मेंढरं रोजच्या सवयीनं तिथंच जाऊन थांबली, जाळीला तोंड लावून, हाकलली तरी हलेनात, जाळीच्या टोकांना काळी लोकर अडकलेली. शेवटी मोठ्या रस्त्याच्या कडेनं वळसा घालून नेली, तर टेम्पोनं दोन उडवल्या. आठ दिवसांनी काही मेंढरं एकाच्या उडदात शिरली, भांडण झालं, कोंडवाड्यापर्यंत गेलं. ज्याच्याशी भांडण झालं त्याच्याच रानात तात्या वीस वर्षं मेंढरं बसवतोय.

ठराव झाला म्हणतात. झालाय, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत, जेव्हा गावातला एकही मेंढपाळ गावात नसतो. सोलरला पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळं जनसुनावणी पण होत नाही, म्हणजे बोलायला ग्रामसभा ही एकच जागा होती आणि तीही गेली. 2011 ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी वाचवा असं सांगितलं, त्याच वर्षी 12 जुलैला आपल्याच खात्यानं गायरान दुसऱ्या कामाला देऊ नका असा जीआर काढला, दुसरी जागा नसेल तरच सार्वजनिक कामासाठी अपवाद. आमच्याकडं दुसरी जागा शोधली का, कुणी, कधी, ते सांगा एवढंच विचारतोय.

हे फक्त सोलापुरात नाही. शेजारच्या कर्नाटकात पावगड्याला 13 हजार एकरांवर सोलर पार्क झालं, जमीनवाल्यांना भाडं मिळालं, पण ज्यांच्याकडं जमीनच नव्हती त्या मजुरांचं रानातलं काम गेलं. केनियात तुर्काना सरोवराजवळ 310 मेगावॉटच्या पवनचक्क्यांसाठी दीड लाख एकर दिली, सगळी गुराख्यांची चराईची जमीन, ते कोर्टात गेले आणि 2021 ला तिथल्या मेरू शहरातल्या कोर्टानं त्या जमिनीचे कागद बेकायदा ठरवले. तिथले गुराखी काय आणि आमचा तात्या काय, सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून माणूसच नाही असं धरतात.

आणि ह्याच तालुक्यात नान्नजला 1979 पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. माळावर पक्षी, लांडगा, काळवीट जगतं हे सरकारला तेव्हापासून माहीत आहे, मग अभयारण्याच्या बाहेरचा माळ पडीक कसा होतो?

साहेब, गायरान देण्याआधी एक सर्व्हे श्रावणात करा. ग्रामसभा मेंढरं गावात असताना घ्या, आणि चराई करणाऱ्यांची नावं लिहून घ्या. चिंचोळी एमआयडीसीचे पत्रे बघा केवढे आहेत, साखर कारखान्यांची गोदामं बघा, आधी तिथं पॅनल टाका. ज्या शेतकऱ्याला स्वतःची मुरमाड जमीन भाड्यानं द्यायचीय त्याला सव्वा लाख मिळू दे, आमची ना नाही. आणि आमच्या गावात जे कुंपण झालंय त्यातून निदान तळ्याची वाट मोकळी करून द्या, वीस फूट पुरे.

उत्तर मृगाच्या आधी द्या. सांगोल्याच्या बाजारात मेंढरं न्यायची का ठेवायची, हे तात्याला त्याआधी ठरवायचंय.

आपला,
उत्तर सोलापूर तालुक्यातला एक शेतकऱ्याचा पोरगा