पिल्लाचे पाय हलणे म्हणजे बरे होणे नव्हे

महोदय,

पंचवटीत वाहनाखाली सापडलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचे पाय हलताना दिसले की ‘वाचले बिचारे’ असे लोक सर्रास म्हणतात. वस्तुतः पावले टाकण्याची लय निर्माण करणारे चेतापेशींचे जाळे मज्जारज्जूच्या कमरेकडील भागातच असल्यामुळे, मेंदूशी संपर्क तुटल्यावरही शेपटीला चिमटा घेताच मागचे पाय हलू शकतात. चिमट्याची वेदना मेंदूपर्यंत पोहोचते का हे कळण्यासाठी पिल्लू वळून पाहते का, केकाटते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

मात्र मज्जारज्जू छेदला गेलेली उंदरांची व मांजरांची नवजात पिल्ले तशाच दुखापतीच्या प्रौढ प्राण्यांपेक्षा चांगली पावले टाकू शकतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. उंदराच्या पिल्लात जन्मतः मेंदूच्या बाह्यकातून (बाहेरच्या थरातून) निघणारे तंतू कमरेपर्यंत पोहोचलेलेच नसतात आणि अजून घडत असलेले जाळे त्वचा व स्नायूंकडून येणाऱ्या संवेदनांच्या आधारे आपली मांडणी बदलू शकते. अर्थात ही सवलत फुकटची नाही. वरून येणारा अंकुश न लाभल्याने प्रतिक्षिप्त क्रिया अनावर होतात आणि पाय ताठरतात.

म्हणून पाय हलत असले तरी मज्जारज्जू दुखावलेला असू शकतो हे ध्यानात घेऊन जखमी पिल्लाला मानगुटीला धरून न उचलता सपाट फळीवरून पशुवैद्यकाकडे न्यावे.

– एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक