गंगाफळाच्या बियांचे औषधी मोल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानदेशात पंगतीसाठी गंगाफळ (लाल भोपळा) चिरताना आतल्या गरासकट बिया ओरबाडून उकिरड्यावर टाकल्या जातात आणि त्याच बिया, सोलून पाकिटात भरल्या की, सुक्या मेव्याच्या दुकानात बदामाच्या शेजारी चढ्या भावाने विकल्या जातात, याचे फार वाईट वाटते. सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिने, साधारण ५५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ७ मिलिग्रॅमहून अधिक जस्त असते. सातपुड्याच्या पायथ्याशी कुपोषणाची चर्चा दरवर्षी होत असताना हे अन्न वाया जावे, हे मनाला पटत नाही.

उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, त्यावर जर्मनीत या बिया फार पूर्वीपासून दिल्या जातात. तेथे १,४०० हून अधिक पुरुषांवर वर्षभर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १० ग्रॅम बिया खाणाऱ्यांना औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा काहीसा अधिक आराम पडला. बियांच्या अर्काच्या कॅप्सूलचा मात्र तसा उपयोग दिसला नाही. अर्थात तेथील भोपळ्याची जात आपल्या गंगाफळाहून वेगळी आहे. शिवाय लघवी अडणे किंवा तीतून रक्त जाणे यामागे गंभीर आजार असू शकतो, म्हणून अशा वेळी बियांवर विसंबून न राहता आधी डॉक्टरांकडेच जावे.

पोटातील जंतांवरही या बियांचा वापर जुना आहे. त्यांतील कुकुरबिटिन या घटकाने जंत लुळे पडतात, म्हणून बिया वाटून दिल्यावर एरंडेल पाजण्याची रीत होती. तरीही शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी मुलांना द्यायलाच हवी. बिया तिची जागा घेऊ शकत नाहीत.

बिया धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून, कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजाव्यात. सोलून तशाच खाव्यात किंवा लसूण, तिखट घालून त्यांची कोरडी चटणी कुटावी. फळ किंवा बी कडू लागले तर ते मुळीच खाऊ नये, त्याने उलट्या-जुलाब होतात. अंगणवाडीत आणि शालेय पोषण आहारात जेथे गंगाफळ शिजते, तेथे या बिया वेगळ्या काढून, वाळवून, कुटून आहारात वापरण्याची सूचना जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हा परिषदांनी द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, अमळनेर