रात्री नेट कोण खातं ते शोधून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि पुढच्या माणसाची झेरॉक्स काढायला वळता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. दुसरं असं, की इथे कराडात ज्या ज्या बायकांना मी हा प्रकार सांगितला, त्यातल्या बऱ्याचजणी म्हणाल्या, "अगं, माझंही नेट असंच संपतंय." तेव्हा आभाराबरोबर तुम्ही काय काय केलंत तेही लिहिते. दुकानाचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि उद्या अर्धं गाव फोन घेऊन तुमच्या काउंटरला टेकून उभं राहील.

माझा धंदा ब्लाऊज शिवायचा. हल्ली कापड हातात येतं आणि गळा व्हॉट्सॲपवर येतो. कुठल्या तरी लग्नातल्या करवलीचा पाठमोरा फोटो, त्यात नेमकी वेणी आडवी आलेली, आणि खाली लिहिलेलं, "ताई असाच, पण लटकन मोठं." लग्नसराईत असे फोटो दिवसभर येतात. ते उघडले नाहीत तर कापडाला कात्री लावता येत नाही. माझा पॅक 28 दिवसांचा, रोज दीड जीबीचा. मुलीचा अभ्यास, माझे शिवणाचे व्हिडिओ, रात्री चाकणहून ह्यांचा व्हिडिओ कॉल, एवढं सगळं होऊन संध्याकाळी थोडं नेट उरायचं.

मग फोनला ते मोठं अपडेट आलं. चिन्हं गोल झाली, घड्याळ मोठं झालं, आणि नेट सकाळी दहाच्या आत संपायला लागलं. दीड जीबी संपली की स्पीड 64 केबीपीएसवर येतो, हे पॅकच्या माहितीत बारीक अक्षरात असतं. त्याचा अर्थ काय, ते तुम्हीच कॅल्क्युलेटरवर काढून दाखवलंत. सेकंदाला 8 केबी. म्हणजे दोनशे केबीचा एक फोटो उघडायला 25 सेकंद, आणि तेही सगळं सुरळीत चाललं तर. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं, आणि माझ्या हातात एक धुरकट चौकोन, त्यावर गोल गोल फिरणारं चक्र.

सल्ले देणाऱ्यांची काही कमी नव्हती. भाऊजी म्हणाले, व्हायरस आहे. ओळखीतले एकजण म्हणाले, सिमवाले लुटतात. फोन दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारू, नाहीतर नवीन घ्या, आता हा जुना झाला." शेजारच्या पोरानं कुठला तरी व्हिडिओ बघून डेव्हलपर ऑप्शन उघडायचं आणि त्यातलं 'मोबाइल डेटा नेहमी चालू' बंद करायचं म्हणून हट्टच धरला. सासूबाईंचा संशय नातीवर. आणि मोठा पॅक मारा, हे तर सगळ्यांनीच सांगितलं.

मी आपली रोज तुमच्याकडून एक जीबीचं व्हाउचर मारून घेत होते. तुम्हाला त्यात किती सुटतं मला माहीत नाही, पण रोज येणारं गिऱ्हाईक कुणाला नको असतं? तुम्ही मात्र पैसे हातात घ्यायच्या आधी विचारलंत, "एवढं नेट करता तरी काय?" मी सांगायला लागले तर मध्येच थांबवलंत. "ते राहू द्या. पन्नास टक्के संपल्याचा मेसेज किती वाजता येतो?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ते मेसेज कोण वाचतं? तुम्ही इनबॉक्समध्ये मागे मागे जात नुसत्या वेळा बघत गेलात. पन्नास टक्क्यांचा मेसेज पहाटे तीनच्या सुमाराला. नव्वदचा दूधवाला यायच्या वेळेला. आदल्या दिवशी तसंच, त्याच्या आदल्या दिवशी तसंच. पॅकचा दिवस रात्री बाराला बदलतो. म्हणजे नवी दीड जीबी मिळाल्या मिळाल्या कुणीतरी तिच्यावर ताव मारत होतं, आणि तेव्हा आमच्या घरात सगळे घोरत होते. "तुम्ही वापरत नाही, फोन वापरतोय," एवढंच म्हणालात. घरी येऊन मी सासूबाईंना ते शब्दाला शब्द ऐकवलं. नात सुटली.

मग तुम्ही मला कागद दिलात. एका बाजूनं कोरा, मागे कुणाच्या तरी सातबाऱ्याची काळी पडलेली झेरॉक्स. त्यावर तीन रकाने आखलेत, ॲप, रात्री, सकाळी. सेटिंगमध्ये मोबाइल डेटाच्या वापरात जायचं, वरचा एकूण आकडा लिहायचा, खालची पहिली पाच-सहा ॲप त्यांच्या आकड्यांसकट लिहायची, आणि झोपायचं. उठल्यावर फोनला दुसरं काहीही करायच्या आधी तेच पुन्हा. माझ्या फोनवर हिशेब महिन्याचा दिसतो, एका रात्रीचा वेगळा दिसत नाही, म्हणून ही वजाबाकी. उसवण कुठून सुरू झाली ते बघायला आम्ही कापड उलटं करतो, तसंच तुम्ही फोनचं केलंत.

सकाळी कागद घेऊन आले तर तुम्ही ॲपांकडे बघितलंच नाहीत. आधी एकूण वाढ किती ते काढलंत आणि सिम कंपनीच्या ॲपमधला त्या दिवसाचा वापर त्याच्या शेजारी ठेवलात. दोन्ही जवळपास सारखे. फोन स्वतःच्या जागी मोजतो, कंपनी तिच्या जागी मोजते, थोडं इकडेतिकडे होणारच. दुप्पट-तिप्पट फरक असता तर कंपनीकडे तक्रार टाकली असती, म्हणालात. एका वजाबाकीत सिमवाल्यांवरचा आरोप निकालात निघाला. ते निर्दोष सुटले याचं मला थोडं वाईटच वाटलं. भांडायची सगळी तयारी झाली होती.

मग रकाने. व्हॉट्सॲप जागचं हललं नव्हतं. यूट्यूबही तिथेच. आणि फोटोंचं ॲप एका रात्रीत साडेआठशे एमबीनं पुढे! त्यावर बोट दाबल्यावर आत दोन आकडे निघाले. ॲप समोर उघडं असताना गेलेलं नेट आणि बॅकग्राउंडला गेलेलं नेट. पहिला आकडा नावाला, सगळा माल दुसऱ्यात.

पुढचं तुम्ही अगदी सावकाश समजावलंत, मागे आधार कार्डाच्या प्रिंटसाठी रांग लागलेली असताना. अपडेटनंतर फोन पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा एकामागून एक पडदे येतात. त्यातल्या एकात फोटोंचा बॅकअप, म्हणजे फोटोंची प्रत इंटरनेटवरच्या खात्यात ठेवणं, मोबाइल डेटावरही चालू ठेवायची परवानगी होती. होकाराचं बटण निळं, ठसठशीत. नकार खाली राखाडी अक्षरात, माझ्यासारख्या चष्मेवालीला दिसूच नये असा. तेव्हापासून माझे सगळे जुने फोटो आणि व्हिडिओ, शाळेच्या गॅदरिंगमधलं लेझीमसुद्धा, रात्री फोन चार्जिंगला लागला की हळूहळू वर चढत होते. अशी जड कामं फोन मुद्दाम तेव्हाच काढतो, बाजूला पडलेला असताना. आणि पॅकमधून नुसतं खाली येणारं नेट कापलं जात नाही, वर जाणारंही कापलं जातं. हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, बघितलं की नेट जातं.

गंमत म्हणजे हे कधीतरी आपोआप थांबलंही असतं, असंही तुम्ही म्हणालात. गूगलच्या खात्यावर फुकट मिळणारी जागा 15 जीबी. रोजची दीड जीबी सगळीच्या सगळी त्यात गेली तरी दहा दिवसांत जागा भरणार आणि बॅकअप अडणार. मग "जागा विकत घ्या" असे मेसेज सुरू. म्हणजे नेटही माझं जाणार आणि वर जागेचं भाडंही मीच भरणार.

बॅकअप तुम्ही पूर्ण बंद केला नाहीत, मोबाइल डेटापुरताच बंद केलात. मग यादीत खाली गेलात. लॉक स्क्रीनवर दरवेळी नवं चित्र दाखवणारं एक काहीतरी अपडेटबरोबर आलं होतं. डोंगर, गाड्या, नट्या, अधूनमधून व्हिडिओ. ते रोज शंभरेक एमबी खात होतं. ते गेलं. प्ले स्टोअरमध्ये ॲपची अपडेट 'फक्त वायफायवर' केलीत. मोठं अपडेट आल्यावर पहिले दोन-तीन दिवस नेट जास्त जाणं समजण्यासारखं आहे, म्हणालात, कारण फोनच्या मागोमाग ॲपांचीही नवी रूपं उतरतात. त्यानंतरही थांबलं नाही तर शोधायचं. आणि फॉरमॅट मारलं असतं तर? सगळी ॲप पुन्हा डाउनलोड, आणि सुरुवातीला पुन्हा तेच निळं बटण. शेजारच्या पोराच्या डेव्हलपर ऑप्शनला तर तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत. वायफाय चालू असतानाही मोबाइलचं नेट मागे तयार ठेवायचं, एवढ्यापुरतं ते असतं, आणि आमच्या घरात मुळात वायफायच नाही.

पण मला सगळ्यात पटलं ते पुढचं. रात्री डेटा बंद करून झोपा, हा सोपा सल्ला कुणीही दिला असता. तुम्ही आधी विचारलंत, रात्री कुणाचा फोन येतो का. ह्यांची रात्रपाळी असली की मधल्या सुट्टीत ते व्हॉट्सॲपवरच कॉल करतात. मग तुम्ही डेटा सेव्हर चालू केलात आणि त्यातून एकट्या व्हॉट्सॲपला मोकळीक दिलीत. बाकी कुणीही मागच्या मागे नेट ओढायचं नाही, ह्यांचा कॉल मात्र यायचा. आणि वायफायशिवाय ॲपची अपडेट कशी होणार, असं मी म्हणायच्या आत तुम्हीच म्हणालात, "दुपारी गर्दी नसते तेव्हा या, इथं बसा, आमच्या वायफायवर करून घ्या." मी आता तशीच येते, हातात हूक-काजाचं काम घेऊन. तुमच्याकडचा चहा फार गोड असतो, हेही जाता जाता सांगून टाकते.

एक मात्र मनात राहिलंय. ही 'फक्त वायफायवर' वगैरे सोय ज्यांनी केली, त्यांच्या डोळ्यासमोर घरात वायफाय असलेली माणसं असणार. आमच्या गल्लीत कितीतरी घरं रोजच्या एक-दीड जीबीवर चालतात. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ यायच्या आधी एक जीबी महिनाभर पुरवायची असायची, तेव्हा आपण एकेका एमबीचा जाब विचारत होतो. आता रोज रात्री बाराला नवं नेट मिळतं, त्यामुळे कालचं कुठं गेलं हे कुणी विचारत नाही. विचारणाऱ्या तुम्ही निघालात, ज्या ते विकायला बसल्या आहात.

आता पन्नास टक्क्यांचा मेसेज दुपारी चारच्या पुढे येतो. नव्वदचा कधी येतो, कधी येतच नाही. परवा एका नवरीच्या आईनं आरी वर्कचे पंचवीस-तीस फोटो एकदम पाठवले आणि ते सगळे तिच्यासमोर धडाधड उघडले. त्यातला एकही गळा तिच्या मुलीला आवडला नाही, तो भाग निराळा.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. व्हाउचर विकायचीही सोडलीत मला. तेव्हा आता माझं ऐका. मागच्या महिन्यात तुम्ही जे जांभळं ब्लाऊजपीस देऊन गेलात, त्याची शिलाई मी घेणार नाही. अस्तर माझं. गणपतीच्या आत देते. मापाचं ब्लाऊज तेवढं दुसरं पाठवा, दिलेलं दंडात घट्ट आहे असं तुम्हीच म्हणाला होतात.

तुमची,
कोपऱ्यावरची ब्लाऊजवाली

ता. क. जाऊबाईंच्या फोनलाही कालच अपडेट आलं आणि आज सकाळीच नेट गेलं. त्यांना दोन-तीन दिवस थांबा म्हटलंय. तरी नाही थांबलं तर तुमच्याकडे पाठवते. कागद मी इथूनच आखून देतेय, आणि मेसेज किती वाजता येतात ते लिहून आणायलाही सांगितलंय.