आकडा नको, वाढतोय का ते सांग

मॅडम,

त्या रात्री पावणेदोनला तुम्हाला उठवलं तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, "कार्ड उडालं," म्हणजे सर्व्हरचं नेटवर्क कार्ड. बॅकअप गोगलगायीसारखा सरकत होता, आयएफकॉन्फिगमध्ये, म्हणजे नेटवर्क पोर्टांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये, दोनांपैकी एकच पोर्ट दिसत होता आणि मी निकाल लावून मोकळा झालो होतो. तुम्ही जांभई देत म्हणालात, "आयएफकॉन्फिग नुसतं दिलं तर बंद पोर्ट दाखवतच नाही रे. आयपी लिंक दे आणि मला वाचून दाखव." दुसरा पोर्ट जागच्या जागी होता, डाउन. तो कोणी कधी सुरूच केला नव्हता.

मग चालू पोर्टची ओळ, कंसात त्याची स्थिती. "अप आहे," मी म्हणालो. "ते आपण चालू ठेवलाय एवढंच सांगतं. त्याच कंसात लोअर-अप दिसतंय का?" दिसत होतं. ते नसतं आणि नो-कॅरिअर असतं, तर पलीकडून सिग्नलच नाही असं समजायचं. हा कंस मी तीन वर्षं रोज बघत होतो, वाचला त्या रात्री.

तेवढ्यात मी तो पोर्ट डाउन-अप करायला निघालो. "एसएसएचने आत आहेस ना? त्याच पोर्टवरून? बसल्या फांदीवर कुऱ्हाड!" एसएसएच म्हणजे नेटवर्कवरूनच केलेलं लॉगिन; पोर्ट बंद झाला असता तर मीच बाहेर फेकलो गेलो असतो. बोट एंटरवर होतं, खोटं कशाला सांगू.

पोर्टचा तपशील देणाऱ्या इथटूल कमांडने खरं काय ते दाखवलं. कार्ड गिगाबिटचं, पण स्पीड १००० मेगाबिटऐवजी १००. तुम्ही लगेच केबलवर आलात: गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात, एखादी जोडी गेली की बरीच कार्डं मुकाट खाली उतरतात, तक्रार करत नाहीत. मग आयपी डॅश एस लिंक, म्हणजे पोर्टची आकडेवारी. एररचा चार आकडी आकडा बघून मी पुन्हा घाबरलो. "तो मशीन सुरू झाल्यापासूनचा आहे. मिनिटाने परत बघ. आकडा नको, वाढतोय का ते सांग." वाढत होता.

सर्व्हर रूममध्ये रॅकच्या मागे नुसतं केबलींचं जंजाळ. कुठली ओढायची? तुम्ही इथटूलला डॅश पी आणि पोर्टचं नाव द्यायला लावलंत आणि त्या गर्दीत एक दिवा लुकलुकायला लागला. (ईएनपी३एस० हे नाव मला तोवर शिवीसारखं वाटायचं. पीसीआय बस ३, स्लॉट ०, एवढंच ते.) केबल रॅकच्या दाराच्या फटीत चेपली होती, वरचं आवरण पांढरं पडलेलं. दुसरी लावली, स्पीड १०००, एररचा आकडा जागेवर थांबला. मी तो पाच वेळा बघितला.

हे सगळं तुम्ही लॉगिन करून दोन मिनिटांत उरकू शकला असता. त्याऐवजी पाऊण तास माझ्याकडून एकेक ओळ वाचून घेतलीत, आणि स्पीडचा आकडा नीट आल्यावर "आता झोपू दे" म्हणून फोन ठेवलात. आभार मानायचे राहिले, ते आज मानतो.

आणि हो, तो दुसरा पोर्ट आता रिकामा नाही. तुम्ही म्हणाला होतात तसं दोन्हींचं बाँडिंग (जोडणी) केलंय, ॲक्टिव्ह-बॅकअप: एक काम करतो, तो पडला की दुसरा सांभाळतो. काल एक केबल मुद्दाम काढून बघितली. सेशन तुटला नाही.