पहिल्या पीयूसीचे चार महिने

बेळगाव,
फेब्रुवारी अखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पुण्यातले तुम्ही दहा-बाराजण मिळून सीमाभागातल्या मुलांसाठी दरवर्षी काही रक्कम काढायला तयार आहात आणि दहावीत पहिल्या येणाऱ्यांना बक्षिसं द्यावीत असा विचार आहे, हे वाचून फार बरं वाटलं. माझं मत विचारलंयस, तर आडपडदा न ठेवता सांगतो. बक्षिसं देऊ नका. तो पैसा पहिल्या पीयूसीच्या, म्हणजे इथल्या अकरावीच्या, पहिल्या चार महिन्यांवर खर्च करा. का, ते जरा सविस्तर लिहितो. तू इथलाच असलास तरी गाव सोडून तुला बरीच वर्षं झाली, आणि आपल्या वेळचं कॉलेज आता राहिलेलं नाही.

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे सत्कार सुरू होतात. गल्लीतलं मंडळ, सोसायटी, युवक संघ, माजी विद्यार्थी, सगळे शाल-श्रीफळ घेऊन तयार असतात. ६२५ पैकी ५८० मिळवलेल्या मुलाचा फोटो पेपरात येतो, आईबाप नवे कपडे घालून स्टेजवर जातात. हे व्हायलाच हवं, त्या घरात असा दिवस क्वचित येतो. पण त्याच पोराला ऑक्टोबरात कुणी विचारत नाही की, बाळा, कॉलेजात काय चाललंय? आणि पोरं सुटतात ती नेमकी तेव्हाच.

आपल्या मराठी माध्यमाच्या मुलाचं दहावीपर्यंतचं शिक्षण डोळ्यांपुढे आण. पहिली भाषा मराठी, १२५ गुणांची. दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. गणित, विज्ञान, समाज सगळं मराठीतून. जूनमध्ये सायन्सला प्रवेश घेतला की एका दिवसात सगळं इंग्रजी. शेजारच्या बाकावर शहरातल्या इंग्रजी शाळेतली मुलं, त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला धडा ट्यूशनला आधीच झालेला. वर्गात कुणाला कळलं नाही तर सर समजावून सांगायला कन्नडकडे वळतात, ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. आपला मुलगा मात्र दोन्हीकडून बाहेर राहतो. तो फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेतो आणि गप्प बसतो. शाळेत हात वर करणारा हाच मुलगा होता, हे त्या वर्गात कुणाला ठाऊकही नसतं.

त्यात जुलै येतो. येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदीपासून खानापूरपर्यंत सगळीकडे रोप लावण सुरू होते, घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस असा कोसळतो की पुलावर पाणी आलं म्हणजे बस बंद. पंधरा दिवस बुडाले की पहिल्या प्रकरणांचा धागा तुटतो, आणि पुढचं सगळं त्या प्रकरणांवरच उभं असतं. मग चाचणी होते. आयुष्यात पहिल्यांदा शंभरात अठरा गुण दिसतात. दसऱ्याची सुट्टी लागते आणि सुट्टीनंतर तो परत येतच नाही. मुलगा असेल तर उद्यमबागेतल्या फौंड्रीत नाहीतर गोव्याला. मुलगी असेल तर घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं. या मुलांची बुद्धी मी पाहिलेली आहे, म्हणून मला हे सहन होत नाही.

म्हणून आम्ही इथे मुलांसाठी चालवतो तो शिकवणीचा वर्ग कॉलेजच्या दारात संपत नाही. नववीत मूल घेतो ते दुसरी पीयूसी संपेपर्यंत सोडत नाही. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, त्यामुळे शनिवार दुपार आणि रविवार. मुलं निवडताना गुणपत्रिका सर्वांत शेवटी बघतो. आधी घर बघतो. वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्यांची मुलं, निपाणीत तंबाखूच्या वखारीत आणि विडीकामात असलेल्या बायकांची मुलं, खानापूरच्या जंगलभागातल्या गवळीवाड्यावरची मुलं. ज्या घरात अजून कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्या घराला पहिला नंबर. पन्नास-साठ टक्क्यांतलं मूल आम्ही मुद्दाम घेतो, कारण नव्वदवाल्याला धरायला कुणीतरी पुढे येतंच.

गरीब घरच्या मुलांना कॉलेजपर्यंत नेणाऱ्या अमेरिकेतल्या ‘अपवर्ड बाउंड’ या कार्यक्रमाबद्दल तू मागे पाठवलेलं मी बारकाईनं वाचलं. १९६४ च्या आर्थिक संधी कायद्यातून ते निघालं आणि १९६५ च्या उन्हाळ्यात प्रयोग म्हणून सुरू झालं. त्यांचा एक नियम मला फार पटला: घेतलेल्या मुलांपैकी किमान दोन तृतीयांश मुलं गरीब घरची असली पाहिजेत आणि त्यांच्या आईवडिलांपैकी कुणी पदवीधर नसलं पाहिजे. म्हणजे आमची निवड काही वेडेपणाची नव्हे. दुसरी गोष्ट, उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मुलांना कॉलेजच्याच आवारात साधारण सहा आठवडे शिकायला आणतात. आपल्याकडे तर हे आणखी सोपं आहे. दहावीची परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला आटोपते आणि पीयूसी जूनला सुरू होते. हे दोन महिने आपल्याकडे जत्रा, लग्नं आणि क्रिकेटमध्ये जातात. ते आम्ही घेतले.

त्या दिवसांत फार काही शिकवत नाही. भौतिकशास्त्रातली एककं आणि मापन, सरळ रेषेतली गती. रसायनशास्त्रातली मोल संकल्पना. गणितात त्रिकोणमिती. एवढंच, पण इंग्रजी पुस्तकातून, आणि समजावून सांगायचं ते मराठीतून. प्रत्येकाकडे तीन रकान्यांची एक वही असते, मराठी, कन्नड, इंग्रजी. मराठीतून पक्की कळलेली गोष्ट इंग्रजीत ओळखू आली की मुलाचा चेहरा बदलतो, ते बघायला तू एकदा यायला हवंस. आणखी एक सराव रोज असतो: उभं राहून प्रश्न विचारायचा. मोडक्या इंग्रजीत, कन्नडमध्ये, कसाही, पण विचारायचा. मला विचारशील तर हा सराव मोल संकल्पनेपेक्षा मोठा आहे.

जांबोटीच्या पलीकडची एक मुलगी आमच्याकडे नववीपासून होती. दहावीला उत्तम गुण, पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) घेतलं, बेळगावात कॉलेज. जुलैच्या शेवटी ती दोन रविवार आली नाही. आमच्याच वर्गातून पुढे गेलेली, आता डिग्रीला असलेली दोन मुलं तिच्या घरी गेली. आई म्हणाली, “पोरगी हुशार हाय ओ, पण रात्री साडेसातला अंधारात उतरती, आनि रस्त्याला दिवा न्हाई.” पैशाची अडचण नव्हतीच. ‘शक्ती’ योजना जून २०२३ मध्ये आल्यापासून राज्याच्या बसमध्ये मुलींना तिकीट लागत नाही. अडचण बसच्या वेळेची होती, आणि दुसरी अडचण मुलीनं आईसमोर सांगितलीच नव्हती. अंगणात एकटी असताना ती म्हणाली, “मला काहीच येत नाही, मी ढ आहे.” चाचणीत तिला रसायनशास्त्रात नापासाचे गुण पडले होते. दोन वर्षं आम्ही ओळखत असलेली मुलगी चार-सहा आठवड्यांत स्वतःला ढ म्हणू लागली होती. ती आता खानापुरात मावशीकडे राहून जा-ये करते, रविवारी डिग्रीवाल्या ताईकडे बसते. दुसऱ्या पीयूसीत आहे. भौतिकशास्त्र अजूनही तिला जड जातं, पण ती आता वर्गात विचारते. घरी गेलेली ती दोन मुलं वेळेवर गेली नसती तर दसऱ्यानंतर ती मुलगी आपल्याला दिसली नसती.

आता कागदपत्रांचं. हे वाचताना तुला कंटाळा येईल, पण मुलं इथेही अडकतात. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून, जात-उत्पन्नाचा दाखला, त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक), मग स्कॉलरशिपच्या पोर्टलवर अर्ज, मग बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते बघणं. आधारवर आडनाव आहे, दहावीच्या मार्ककार्डावर नुसतं बापाचं नाव, की अर्ज परत. आम्ही हे नववीतच दुरुस्त करून घेतो. आपली बरीच मराठा मुलं ३बी या मागास प्रवर्गात येतात, पण दाखला काढलेलाच नसतो.

सर्वांत जीव तुटतो तो ग्रामीण कोट्यासाठी. सीईटीत, म्हणजे कर्नाटकच्या अभियांत्रिकी वगैरेच्या प्रवेशपरीक्षेत, ग्रामीण मुलांना १५ टक्के जागा आहेत, पण पहिली ते दहावी ही दहाही वर्षं खेड्यातल्या शाळेत झालेली असली पाहिजेत, आणि प्रत्येक शाळेच्या दाखल्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते. बाप पोटाला चिमटा काढून पोराला आठवीत बेळगावात किंवा खानापूरच्या हायस्कुलात घालतो, चांगलं शिकावं म्हणून. खानापूर पट्टण पंचायतीत (नगरपंचायतीत) येतं, म्हणजे ते खेडं धरत नाहीत. त्या तीन वर्षांमुळे त्याचा कोटा जातो, आणि हे त्याला बारावीनंतर कळतं. म्हणून आम्ही सातवीच्या पालकसभेलाच जाऊन हे सांगतो. शहरात घालू नका असं म्हणत नाही, पण काय मिळतं आणि काय जातं हे कळून घाला. कन्नड माध्यमाचा ५ टक्के कोटा तर आपल्या मुलांना लागूच नाही, त्यामुळे ग्रामीणचा सांभाळणं जास्त गरजेचं.

महाराष्ट्र ज्यांवर दावा सांगतो त्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तिकडच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातले उमेदवार म्हणून सोय आहे. ती वापरणारी मुलं फार थोडी, कारण त्यासाठी तिकडची सीईटी वेगळी द्यावी लागते हे गावात कुणाला माहीत नसतं. तुम्ही पुण्यात आहात, या कामात तुमचा थेट उपयोग आहे. नीटचा पेपर मराठीतून घ्यायचा तर केंद्रही महाराष्ट्रातलं घ्यावं लागतं. बेळगाव केंद्रावर मराठी मिळत नाही.

सगळ्यांना सायन्सकडे ढकलणं मला मान्य नाही, हेही सांगून ठेवतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला मुलगा कमावता होतो, आणि वाटलं तर डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेशपरीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसतो. ज्या घरात बाप आजारी आहे तिथे हा रस्ता मला अधिक शहाणपणाचा वाटतो. कॉमर्सकडे जाणाऱ्या मुलींना अकाउंट्समध्ये जी गोडी लागते ती बघून मला वाटतं, आपण उगाच पीसीएमबीचा बाऊ केला.

आणि कन्नड. तू हसशील, कारण आपण दोघं कॉलेजात असताना मोर्च्यात पुढे असायचो. सीमाप्रश्नावरची माझी भावना तीच आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे जे व्हायचं ते होईल. पण आज पंधरा वर्षांच्या मुलाची पीयूसी याच वर्षी आहे. त्याला अर्ज भरायचाय, कचेरीत बोलायचंय, बसमध्ये, हॉस्टेलमध्ये, पुढे नोकरीत कन्नडशी रोज गाठ आहे. म्हणून आमच्याकडे कन्नडचा तास असतो, आणि तो एक धारवाडकडच्या निवृत्त बाई घेतात, पैसे न घेता, पावसातही न चुकता. मुलं आधी घाबरतात, मग त्यांच्याच घरी जेवायला जातात. मराठी आपली आहेच, ती घट्ट असेल तर दुसरी भाषा शिकताना पोर बिचकत नाही, हे मी रोज बघतो.

तर पैशाचं. बक्षिसाच्या रकमेतून बसस्टँडजवळ एक खोली भाड्यानं घ्या, जिथं कॉलेज सुटल्यापासून बस येईपर्यंत मुलांना बसता येईल. एक टेबल, पंखा, चांगले दिवे. संध्याकाळी तिथं बसणाऱ्या डिग्रीच्या मुलांना दरमहा थोडं मानधन द्या, ती स्वतः गरीब घरची आहेत आणि सध्या फुकट राबतात, ते मला बरोबर वाटत नाही. पहिल्या पीयूसीच्या पुस्तकांचे काही जास्तीचे संच ठेवा. आणि अडीअडचणीला थोडी रोख हाताशी असू दे, ऑगस्टमध्ये कुणाचं घर पडलं, कुणाचा बाप दवाखान्यात गेला, तेव्हा लागते. यातली एकही गोष्ट फोटोत चांगली दिसणार नाही. तुमच्या मंडळींना हे पटवणं तुझ्याकडे लागलं. त्यांना सत्कारच हवा असेल तर पहिली पीयूसी पास झालेल्यांचा करूया, सगळ्यांचा, गुण न बघता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळी वर्ग सुरू होतोय. तू तीसेक वर्षं कारखान्यात मापं घेण्यात घालवलीस, तेव्हा एककं आणि मापनाचा धडा तुझाच. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन ये, आमच्याकडे एकच आहे आणि त्याभोवती गर्दी होते. वहिनींनाही घेऊन ये, मुलींना त्यांच्याशी बोलायला आवडेल. राहायची सोय घरीच. तारीख लवकर कळव, म्हणजे त्याप्रमाणे वेळापत्रक लावतो.

तुझा,
बेळगावचा मित्र